माऊस की कीबोर्ड? वेगाचा हिशेब आणि दुखणारा हात

"डॉक्टर, रात्री दोन-अडीच वाजता हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की जरा बरं वाटतं. सकाळी कामाला बसलं की पुन्हा अंगठा आणि बाजूची दोन बोटं बधिर."

झाईकडून आलेल्या एका ताईंनी हे सांगितले. त्या एका सेवा केंद्रात ऑपरेटर आहेत. दिवसभर उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात. औषध लिहिण्याआधी मी त्यांना विचारले, "फॉर्म भरताना एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात कशा जाता?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "माऊसने. दुसरं कसं जाणार?"

आजचा लेख त्या उत्तराबद्दल आहे. तुम्ही किंवा घरातले कोणी दिवसाचे पाच-सहा तास कॉम्प्युटरवर बसत असाल आणि उजवा हात, मनगट किंवा खांदा कुरकुर करू लागला असेल, तर हे वाचा.

झाई म्हणजे तलासरी तालुक्याचे समुद्राकडचे टोक. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला गुजरातची हद्द. या पट्ट्यात हात दुखण्याची तक्रार नवी नाही. जाळे विणणारे, बोंबील-सुकटीचे काम करणाऱ्या बायका, भातकापणीला जाणारे मजूर असे सगळेच मनगट धरून येतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या रांगेत आणखी एक जण आला आहे: हद्दीपलीकडे उंबरगावच्या कारखान्यात बिलांच्या नोंदी करणारा, पतसंस्थेत बसणारा किंवा सेवा केंद्र चालवणारा तरुण. घरच्यांना वाटते, "खुर्चीत बसून काम, त्यात हात कसला दुखतो?" दुखतो. जाळे विणताना निदान हात वेगवेगळ्या दिशांना फिरतो. माऊसवर तो तासन्‌तास एकाच जागी, एकाच कोनात धरलेला असतो.

वेगाचे भांडण जुने आहे

माऊसने काम लवकर होते की कीबोर्डने, यावर कॉम्प्युटरवाल्यांमध्ये चाळीसेक वर्षे वाद चालू आहे. मी डॉक्टर, मला त्यात पडायचे कारण नव्हते. पण पेशंटला "माऊस कमी वापरा" म्हटले की लगेच उत्तर येते, "मग काम उरकायचं कसं?" म्हणून थोडे वाचले.

१९८९ साली अ‍ॅपल कंपनीतील ब्रूस टॉग्नाझिनी यांनी लिहिले की त्यांच्या कंपनीच्या चाचण्यांत लोकांना कीबोर्डने आपण जलद काम करतो असे वाटत होते, पण घड्याळ लावले की माऊस जलद ठरत होता. त्यांचे स्पष्टीकरण असे की कोणती की दाबायची हे आठवण्यात दोनेक सेकंद जातात आणि तो वेळ आपल्याला जाणवत नाही. मला हे पटते. महिन्यातून एकदा लागणारी आज्ञा कीबोर्डवर शोधत बसण्यापेक्षा माऊसने मेनू उघडलेला बरा.

पण ताईंचे काम तसे नाही. त्यांना आठवावे काही लागत नाही. तेच वीस रकाने, तोच क्रम, दिवसातून चाळीस वेळा.

अशा कामाचा हिशेब मांडायची एक पद्धत कार्ड, मोरान आणि न्यूवेल या तीन संशोधकांनी १९८० मध्ये दिली. एक की दाबायला साधारण ०.२ सेकंद, माऊसने एखाद्या जागी नेम धरायला १.१ सेकंद, आणि हात कीबोर्डवरून माऊसवर किंवा माऊसवरून कीबोर्डवर न्यायला ०.४ सेकंद. आता ताईंचा फॉर्म घ्या. हात माऊसकडे गेला, नेम धरला, क्लिक केले, हात परत आला: सुमारे २.१ सेकंद. तेच काम टॅब की दाबून ०.२ सेकंदात होते. वीस रकान्यांत ३८ सेकंदांचा फरक. चाळीस फॉर्मचे धरले तर पंचवीस मिनिटे.

मला त्या पंचवीस मिनिटांचे फारसे काही नाही. माझे लक्ष दुसऱ्या आकड्याकडे गेले. वीस गुणिले चाळीस, म्हणजे हाताच्या आठशे येरझारा. रोज. आणि प्रत्येक येरझारीत खांदा बाहेर, मनगट वर, तर्जनी क्लिक करायला ताणलेली.

हाताच्या आत काय होते

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडे आणि एका जाड पट्ट्याने बनलेला अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ शिरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, आणि त्यांच्यासोबत एक महत्त्वाची नस जाते. तिला मीडियन नर्व्ह म्हणतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू, एवढ्या भागाची संवेदना ती आणते. मनगट खूप वर किंवा खाली वाकले की बोगद्यातला दाब वाढतो. तो वारंवार आणि बराच काळ वाढत राहिला की नस कुरकुरते, आणि मुंग्या बहुधा रात्री जाणवतात, कारण झोपेत आपण नकळत मनगट दुमडून झोपतो. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. हात झटकल्यावर बरे वाटणे ही त्याची ओळखीची खूण.

माऊसमुळेच हा आजार होतो का? सरळ "हो" म्हणता येत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या एका अभ्यासात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या सुमारे सात हजार तंत्रसहाय्यकांवर वर्षभर लक्ष ठेवले होते. आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांमध्ये अशा मुंग्यांचा धोका वाढलेला दिसला. कीबोर्डच्या बाबतीत तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. मात्र एकूण कॉम्प्युटरचे काम म्हणजे या आजाराचे मोठे कारण आहे असे काही त्या संशोधकांनी म्हटले नाही. मीही म्हणत नाही. मधुमेह, थायरॉईड कमी असणे, गरोदरपण, वाढलेले वजन, आमवात यांचा वाटा अनेकदा जास्त असतो. माऊस कित्येकदा आधीच अवघडलेल्या नसेवर ओझे टाकतो.

शिवाय हाताला ऑफिस आणि घर वेगळे कळत नाही. सहा वाजता सेवा केंद्र बंद करून घरी गेल्यावर विळीवर मासळी कापणे, कपडे पिळणे, पाण्याचा हंडा उचलणे, आणि रात्री मोबाईलवर अंगठा चालवणे, हे सगळे त्याच मनगटाच्या खात्यावर जमा होते. ताईंच्या नवऱ्याला मी हे समोर बसवून सांगितले. धुणे पिळायचे काम महिनाभर त्याने घेतले, असे पुढच्या वेळी कळले.

माऊसशी जोडलेली आणखी तीन दुखणी नेहमी दिसतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखते, कप उचलतानाही कळ येते: याला टेनिस एल्बो म्हणतात, आणि माझ्या बहुतेक पेशंटनी टेनिसची बॅट हातात धरलेली नसते. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखते: अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे वाकवली की तिथे जोरात कळ आली तर अंगठ्याच्या शिरांना सूज असू शकते. हे मोबाईलमुळे आणि तान्ह्या बाळाला उचलणाऱ्या आयांमध्येही होते. तिसरे, मान आणि उजव्या खांद्याच्या मधला भाग भरून येणे. त्याचे कारण पुष्कळदा कीबोर्डच्या उजव्या टोकाला असलेली आकड्यांची पाटी असते. तिच्यामुळे माऊस वीतभर आणखी उजवीकडे ढकलला जातो आणि हात दिवसभर अंगापासून लांब ताणलेला राहतो.

प्रत्येक मुंगी माऊसची नसते

हा भाग कृपा करून गाळू नका.

करंगळी आणि तिच्या शेजारचे अर्धे बोट बधिर होत असेल, तर नस वेगळी आहे. ती कोपराच्या आतल्या बाजूने जाते. टेबलाच्या धारेवर कोपर टेकवून बसल्यानेही ती दबते. पण आपल्या पालघर जिल्ह्यात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात, आणि त्या आजारात हीच नस बऱ्याचदा आधी धरली जाते. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श न कळणे, कोपरापाशी नस जाड किंवा दुखरी लागणे, गरम भांडे लागूनही चटका न समजणे, यातले काहीही असेल तर माऊस बदलत बसू नका, तपासून घ्या. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आजार पूर्ण बरा होतो, आणि वेळेत सुरू केले तर हात वाकडा होण्यापासून वाचतो. लाजेपायी वर्ष घालवलेले पेशंट मी पाहिले आहेत. त्यांचा आजार गेला, पण वाकलेली बोटे तशीच राहिली.

दोन्ही हात आणि दोन्ही पाय मुंग्या देत असतील तर साखर तपासा. मानेपासून हातापर्यंत वीज गेल्यासारखी कळ येत असेल तर मानेच्या मणक्याचा विचार करावा लागतो. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले तर तो अर्धांगवायू असू शकतो. आणि हाताबरोबर छातीत दाब, घाम, दम असेल तर हृदय. या दोन्हींत १०८ ला फोन करा, बाम चोळत बसू नका.

काय बदलायचे

पहिली गोष्ट टॅब की. पुढच्या रकान्यात जायला टॅब, मागे यायला शिफ्ट आणि टॅब. चौकटीत खूण करायला स्पेसबार. यादीतून जिल्हा-तालुका निवडायचा असेल तर यादीवर टॅबने पोहोचा आणि खालच्या बाणाची की दाबा किंवा नावाचे पहिले अक्षर टाइप करा. प्रिंटला कंट्रोल आणि पी, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायला आल्ट आणि टॅब. एवढ्या सहा गोष्टींवर सेवा केंद्राचे बरेचसे काम भागते. सगळ्या एकाच दिवशी शिकू नका. आठवड्याला एक घ्या, कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा. अनुभवी माणसेही वर्षानुवर्षे मेनूवर क्लिक करत राहतात, कारण हातातले काम अडत नसते. अडते तेव्हा मनगट गेलेले असते.

दुसरी गोष्ट मला फार आवडली म्हणून सांगतो. माऊस बनवला डग्लस एंगलबार्ट यांच्या चमूने, १९६४ मध्ये, अमेरिकेत. पहिला माऊस लाकडी होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी त्यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला, तेव्हा उजव्या हातात माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक छोटी पेटी. दोन्ही हात एकाच वेळी कामाला. ती पाच कळांची पेटी मागे पडली, माऊस राहिला, आणि डावा हात मांडीवर बसून राहू लागला. पण सोय अजून आहे: कॉपी, पेस्ट, कट, मागे घेणे आणि सेव्ह यांच्या कीज, म्हणजे सी, व्ही, एक्स, झेड आणि एस, सगळ्या कीबोर्डच्या डाव्या बाजूला, डाव्या कंट्रोलजवळ आहेत. उजवा हात माऊसवर ठेवून डाव्याने हे करता येते. फक्त एकाच हाताने करंगळी ताणून दूरच्या दोन कीज दाबू नका. त्याने करंगळी दुखते. लांबच्या कीजसाठी दोन्ही हात वापरा, नाहीतर विंडोजमधली स्टिकी कीज ही सोय चालू करा. मग एकामागून एक की दाबली तरी चालते.

आधार क्रमांक, मोबाईल नंबर, खाते क्रमांक असे आकडेच आकडे भरणाऱ्यांसाठी तिसरा उपाय: माऊस डाव्या हाताला घ्या. उजवा हात आकड्यांच्या पाटीवर, डावा माऊसवर. माऊस अंगाजवळ येतो आणि ती येरझार बंद होते. पहिला आठवडा चिडचिड होईल. दिवसातून अर्ध्या तासाने सुरुवात करा, कारण एकदम सगळे काम डावीकडे टाकले तर दुखणेही डावीकडे जाईल.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक सूचना. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याऐवजी इनस्क्रिप्ट शिकता आले तर पाहा. त्यात मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात, त्यामुळे शब्द लिहिताना काम दोन्ही हातांत वाटले जाते. "झाई" लिहायला तीनच कीज लागतात, दोन शिफ्टसह. हद्दीवरच्या लोकांना आणखी एक फायदा: गुजराती इनस्क्रिप्टमध्येही "क" त्याच कीवर असतो. एक शिकले की दुसरे निम्मे आले.

आता माऊसच्या बाजूनेही बोलायला हवे. नकाशा पाहणे, फोटो कापणे, चित्र काढणे, अनोळखी वेबसाईटवर वाट शोधणे, यात माऊसच बरा. तिथे कीबोर्डचा हट्ट धरू नका. माऊस वापरताना मनगट सरळ रेषेत ठेवा, टेबलाच्या धारेवर टेकवू नका, कोपराला खुर्चीच्या हाताचा किंवा टेबलाचा आधार द्या आणि हालचाल मनगटाऐवजी कोपरापासून करा. माऊस घट्ट आवळू नका. बटण दाबून ओढण्याचे काम, ज्याला ड्रॅग म्हणतात, ते जमेल तेवढे टाळा, कारण त्या वेळी बोगद्यातला दाब नुसता हात ठेवण्यापेक्षा बराच वाढतो. उभा माऊस, जेलची गादी वगैरे महाग वस्तू घेण्याआधी खुर्चीची उंची बघा. कित्येक केंद्रांत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून छातीएवढ्या उंच टेबलावर हात ठेवलेले असतात. खुर्चीवर घट्ट घडी घातलेली गोधडी आणि पायाखाली एक लाकडी फळी, यानेही खांदा खाली येतो. अर्ध्या तासाने मिनिटभर उठा. रांगेतली माणसे ओरडतील, तेव्हा प्रिंटर दूर ठेवा, म्हणजे उठावेच लागेल.

काही ठिकाणी तुमचा इलाज चालणार नाही. एका पोर्टलवर जन्मतारीख टाइपच करता येत नाही असे ताई सांगत होत्या. कॅलेंडर उघडून वर्षामागून वर्ष बाण दाबत मागे जायचे. १९५० सालचे आजोबा पेन्शनच्या कामाला आले की सत्तरच्यावर क्लिक. ज्याने हे बनवले त्याला दिवसातून असे दहा आजोबा दिले पाहिजेत, असे मला वाटते. अशा वेळी निदान त्या एका कामापुरता माऊस दुसऱ्या हातात घ्या, आणि तक्रारीची सोय असेल तिथे तक्रार नक्की करा.

उपचार

लवकर आलात तर बहुतेकांना साध्या उपायांनी आराम पडतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, ज्याला स्प्लिंट म्हणतात, चार ते सहा आठवडे लावायचा. तो झोपताना महत्त्वाचा आहे. दिवसभर घट्ट बांधून काम करत राहिलात तर उलट त्रास होतो. वेदनाशामक गोळ्या सूज-दुखणे काही दिवस कमी करतात, पण दाबलेली नस त्याने सुटत नाही. रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा पित्ताचा व्रण असेल तर त्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. मेडिकलमधून "नसांची गोळी" म्हणून जीवनसत्त्वे घेऊन महिने काढणारे खूप आहेत. शरीरात बी-१२ कमी असेल तर त्याचा उपयोग आहे. नसेल तर फक्त पैसे जातात, आणि वेळ जातो तो जास्त महागात पडतो.

साखर आणि थायरॉईडची रक्ततपासणी मी बहुतेकांना सांगतो. ताईंचे थायरॉईड कमी निघाले. गरोदर बाईला हा त्रास झाला तर बाळंतपणानंतर तो बहुधा ओसरतो. पट्ट्याने भागले नाही तर मनगटात स्टिरॉईडचे इंजेक्शन, आणि त्यापुढे तो पट्टा मोकळा करणारी छोटी शस्त्रक्रिया असते. ती अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हाताचे सर्जन करतात. त्याआधी नसेची विद्युत तपासणी करावी लागू शकते, त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागेल.

थांबू नका असे कधी म्हणेन? बधिरपणा दिवसभर राहू लागला, हातातून कप-चावी निसटू लागली, शर्टाचे बटण लावता येईना, किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या मानाने सपाट दिसू लागला तर. तो उंचवटा एकदा खूप सुकला की शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरून येईलच असे नाही.

दाखवायला येताना चार गोष्टी लिहून आणा: नेमकी कोणती बोटे बधिर होतात, दिवसा की रात्री, दिवसाचे किती तास माऊस हातात असतो, आणि घरी हाताची कोणती कामे करता. जमल्यास तुम्ही कामाला बसता त्या टेबल-खुर्चीचा बाजूने काढलेला एक फोटो मोबाईलमध्ये असू द्या. ताईंच्या फोटोत माऊस टेबलाच्या अगदी टोकाला होता, कारण मधल्या जागेत शिक्क्यांची पेटी, स्टेपलर आणि गणपतीची छोटी मूर्ती होती. मूर्ती स्क्रीनच्या वर गेली, पेटी डावीकडे गेली. पट्टा, थायरॉईडची गोळी आणि टॅब की, तिन्ही चालू आहेत. सहाव्या आठवड्यात त्यांनी सांगितले की रात्रीची जाग थांबली आहे, तर्जनीच्या टोकाला थोडी बधिरता अजून आहे. पुढची तपासणी महिन्याने.